ऑफ तासाला राखणदार नको

एखाद्या शिक्षकाची रजा पडली की पर्यवेक्षक बदली तासाचं रजिस्टर काढतात. कुणाची तासिका मोकळी आहे ते वेळापत्रकात बघून नावं भरतात. शिपाई ते रजिस्टर घेऊन स्टाफरूममध्ये सह्या गोळा करतो आणि शाळेच्या दृष्टीने विषय संपतो. मुलांच्या दृष्टीने ऑफ तास सुरू होतो. दहा मिनिटांत शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहतात, मग मुख्याध्यापक येतात, आणि बदलीवर गेलेल्या बाईंबद्दल मत तयार होतं की यांना वर्ग आवरत नाही.

हे मत बहुतेक वेळा चुकीचं असतं. वर्ग आवरत नाही कारण त्या बाईंना शाळेने रिकाम्या हातांनी आत पाठवलेलं असतं. साठ मुलं, अनोळखी विषय, एकाचंही नाव माहीत नाही, काय शिकवायचं याचा कागद नाही. अशा वेळी माणूस शिकवत नाही, राखण करतो. आणि आपली राखण चालली आहे हे सहावीच्या मुलाला लगेच कळतं. सोलापुरातल्या अनुदानित हायस्कुलांपासून जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळांपर्यंत बदली तासाची तयारी शाळेच्या नियोजनात असली पाहिजे. आज ती कुठल्याच टाचणात, म्हणजे शिक्षकाच्या पाठ-नियोजनाच्या नोंदीत, नसते.

थोडा हिशोब करू. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे सहावी ते आठवीला वर्षाला किमान 220 दिवस आणि 1000 तास अध्यापन व्हायला हवं. एका तुकडीला रोज एक 35 मिनिटांचा तास ऑफ गेला तर वर्षात घड्याळाचे 128 तास जातात, म्हणजे आठवा हिस्सा. आठवड्याला दोनच गेले तरी चाळीसेक तास होतात. कागदावर हे सगळे तास ‘झालेले’ असतात, कारण वर्गात शिक्षक होता आणि रजिस्टरवर त्याची सही आहे.

यावर स्टाफरूममधलं ठरलेलं उत्तर असं, की रजा अचानक येते, तयारी कशी करणार? ताप अचानक येतो, मान्य. पण शिक्षक वर्गाबाहेर असण्याची बहुतेक कारणं आधी ठाऊक असतात. प्रशिक्षणाचं पत्र आधी येतं. शिक्षकांची शिक्षण परिषद दर महिन्याला असते. प्रसूती रजा 180 दिवसांची, तिची तर महिने आधी कल्पना असते. दहावी-बारावीच्या परीक्षांचं पर्यवेक्षण, पेपर तपासणी, शिष्यवृत्ती परीक्षा यांची वेळापत्रकं जाहीर होतात. निवडणूक आणि जनगणनेचं काम तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नेच शिक्षकांवर टाकता येतं आणि 2027 च्या जनगणनेसाठी ते टाकलं जाणारच. तरीही वर्गात कुणी काय करायचं ते त्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या वेळी ठरतं.

आत जातं कोण, हेही बघा. ज्याची तासिका मोकळी तो, म्हणजे बहुतेक वेळा क्रीडाशिक्षक, चित्रकलेचे सर, नाहीतर तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, आलेली नवी मुलगी. तिला ‘नाही’ म्हणता येत नाही. मोकळी तासिका म्हणजे रिकामटेकडा वेळ, अशी एक समजूत शाळांमध्ये पक्की बसली आहे. वह्या तपासायचा वेळ तोच असतो, तो गेला की वह्या घरी जातात. शासनानेही पर्यायी माणसं दिली. जुलै 2023 मध्ये निवृत्त शिक्षकांना दरमहा 20 हजारांवर जिल्हा परिषद शाळांत घ्यायचं ठरलं, 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून शिक्षणानुसार 6 ते 10 हजार विद्यावेतनावर तरुण प्रशिक्षणार्थी शाळांमध्येही आले. निवृत्त माणसाला अनुभव असतो, पण वर्ग अनोळखीच असतो. प्रशिक्षणार्थ्याकडे अनुभव आणि वर्गाची ओळख दोन्ही नसतं. माणूस मिळाला की प्रश्न सुटला असं धरलं गेलं, हातात काय द्यायचं याचा विचार कुणी केला नाही.

आता वर्गात काय करायचं त्याकडे येऊ, कारण इथेच सगळं ठरतं. पहिली पाच मिनिटं हातची गेली तर उरलेली तीस परत येत नाहीत. घंटा झाल्यावर स्टाफरूममधून निघालेला शिक्षक दोन-तीन मिनिटं उशिराच पोहोचतो आणि तेवढ्यात मुलांनी जागा बदललेल्या असतात. म्हणून घंटेआधी दारात उभं राहायचं. आधीचे सर बाहेर पडत असतानाच आत शिरायचं आणि बोलण्याआधी फळ्यावर तीन ओळी लिहायच्या: आपलं नाव, विषय, आणि या तासात वहीत काय पूर्ण व्हायला हवं. ‘पूर्ण व्हायला हवं’ ही ओळ सर्वांत महत्त्वाची. मुलांना तासाचा शेवट कुठे आहे ते दिसतं.

‘कुठपर्यंत झालंय रे?’ असं सगळ्या वर्गाला विचारू नये. चाळीस तोंडांतून चाळीस उत्तरं येतात, त्यातली निम्मी खोडसाळ असतात आणि ‘बाई, हे आम्हाला झालंय की’ हे वाक्य तर हमखास येतं. त्याऐवजी मधल्या रांगेतल्या एका मुलाची वही मागायची. हुशार मुलाची नको, तो पुढे गेलेला असतो. शेवटचं तारीख टाकलेलं पान उघडायचं, अर्ध्या मिनिटात सगळं कळतं. नावांसाठीही सोपा उपाय आहे. प्रत्येकाने वहीतलं अर्धं पान आडवं दुमडून त्यावर ठळक नाव लिहायचं आणि बाकावर तंबूसारखं उभं करायचं. दोन मिनिटं लागतात. ‘ए चष्मेवाल्या’ म्हणून हाक मारणं आणि ‘समर्थ, वही उघड’ म्हणणं यांतला फरक पुढच्या अर्ध्या तासात दिसतो. मुलं एकमेकांची नावं लिहून गंमत करतात, हेही खरं. हजेरीपट हातात असला की ती गंमत एकदाच होते.

‘हाताची घडी, तोंडावर बोट’ याने वर्ग शांत होतो, पण तीन-चार मिनिटांपुरता, कारण त्या शांततेत मुलांना करायला काही नसतं. त्याहून वाईट म्हणजे मॉनिटरला फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायला लावणं. महाराष्ट्रातली पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत आहे ही. मॉनिटर आपल्या मित्राचं नाव लिहीत नाही, ज्याच्याशी डब्यावरून भांडण झालंय त्याचं लिहितो, पुन्हा बोलला की पुढे फुली मारतो, आणखी बोलला की दुसरी फुली. ज्याच्या नावापुढे तीन फुल्या झाल्या त्याला आता गमावण्यासारखं काही उरत नाही, तो उघड दंगा करतो. हिशोब मधल्या सुट्टीत मैदानावर चुकता होतो. शिक्षकाने आपला अधिकार बारा वर्षांच्या पोराच्या हातात दिला की यापेक्षा वेगळं काही घडत नाही.

छडीबद्दल फार लिहायची गरज नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद आहेत आणि बदलीवरच्या शिक्षकाने हात उचलला तर त्याच्या बाजूने बोलायला वर्गातलं कुणीही नसतं. संपूर्ण वर्गाला उभं करणं हीसुद्धा तितकीच निरुपयोगी शिक्षा. शांत बसलेल्या पन्नास जणांना त्यातून एवढंच कळतं की शांत बसून काही फायदा नाही.

उपयोगी पडतात त्या बारीक गोष्टी. बोलणाऱ्या बाकाकडे बघून ओरडण्यापेक्षा शिकवत शिकवत त्या बाकाजवळ जाऊन उभं राहायचं. आवाज चढवण्याऐवजी उतरवायचा. एका वेळी एकच सूचना द्यायची आणि ती फळ्यावरही लिहायची, म्हणजे ‘काय करायचंय?’ हा प्रश्न दहादा येत नाही. वाद घालणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर उत्तर देत बसायचं नाही. ‘तुझं म्हणणं तास संपल्यावर ऐकतो’ म्हणायचं आणि खरंच ऐकायचं. आणि ‘पाणी प्यायला जाऊ?’ हा बदली तासाचा राष्ट्रीय प्रश्न. एकाला सोडलं की सहा हात वर होतात. त्यासाठी डस्टर टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवायचं. जाणाऱ्याने ते बाकावर घेऊन ठेवायचं आणि आल्यावर परत टेबलावर. टेबलावर डस्टर नसेल तर विचारायचंही नाही. नियम एका वाक्यात सांगता येतो आणि परवानगी देत बसण्याचं काम संपतं. उन्हाळ्यात मात्र हा नियम सैल हवा. सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असताना पाण्याची बाटली बाकावरच असू द्यावी.

सोलापुरात एक गोष्ट जास्तीची आहे. शहराच्या पूर्व भागातल्या शाळेत बऱ्याच मुलांच्या घरात तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड, शहराच्या काही भागांत दखनी उर्दू. नेहमीच्या शिक्षकाला याची सवय असते. बदलीवर आलेल्याला मागच्या बाकावरची तेलुगू कुजबुज ऐकू आली आणि पाठोपाठ हसू आलं की वाटतं, हे आपल्यालाच हसताहेत. तिथून तास बिघडतो. ती मुलं बऱ्याचदा गणितातला शब्द एकमेकांना समजावत असतात. ‘मराठीतच बोला’ असं दटावण्यापेक्षा ती कुजबुज कामाला लावावी: जोडीतल्या एकाने उदाहरण आपल्या घरच्या भाषेत दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने तेच मराठीत वर्गाला सांगायचं. शिक्षकाला तेलुगूचा एक शब्द येत नसला तरी चालतं, दुसऱ्याच्या मराठी उत्तरावरून पहिल्याने नीट समजावलं की नाही ते कळतं.

शिकवायचं काय, हा पुढचा प्रश्न. अर्धवट राहिलेला धडा पुढे नेण्याचा आग्रह चुकीचा आहे. इतिहासाच्या बाईंनी बीजगणिताचं प्रकरण ओढलं तर नेहमीच्या सरांना ते पुन्हा शिकवावं लागतं. ‘धडा वाचा आणि स्वाध्याय लिहा’ म्हणणं म्हणजे गाईडमधून उतरवायला सांगणं. हवा असतो एका तासात सुरू होऊन त्याच तासात संपणारा, मागच्या-पुढच्या प्रकरणावर न टेकलेला आणि कुठल्याही विषयाच्या शिक्षकाला घेता येईल असा पाठ.

एक नमुना देतो. सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्ड मागावर चढण्याआधी चौकटीच्या कागदावर उतरवली जायची आणि त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडली जायची. चौकट भरलेली किंवा रिकामी, एवढीच ती भाषा. सहावी-सातवीसाठी यातून शेकडेवारी आणि सममितीचा पाठ होतो. गणिताच्या चौकटीच्या वहीत 10 बाय 10 चा चौरस आखायचा आणि मध्ये एक उभी, एक आडवी रेघ मारून त्याचे 5 बाय 5 चे चार भाग करायचे. याला चार मिनिटं. डाव्या वरच्या भागात हव्या तितक्या चौकटींत फुल्या मारून नक्षी करायची, सहा मिनिटं. ती उजवीकडे आणि मग खाली आरशातल्यासारखी उमटवायची, नऊ मिनिटं. एकूण भरलेल्या चौकटी मोजायच्या. चौरसात 100 चौकटी असल्यामुळे मोजलेला आकडा हीच शेकडेवारी. अपूर्णांक लिहून त्याला संक्षिप्त रूप द्यायचं, सहा मिनिटं. शेवटच्या पाच मिनिटांसाठी फळ्यावर एकच प्रश्न: बरोबर 50 टक्के चौकटी भरलेली नक्षी करून दाखवा.

ती होत नाही. एका भागातली प्रत्येक फुली चार ठिकाणी उमटते, म्हणून एकूण आकडा नेहमी चारच्या पटीत येतो. 48 येतो, 52 येतो, 50 येत नाही. मुलं वहीत खाडाखोड करून थकतात, मग कुणीतरी चारचा पाढा म्हणायला लागतं. आणि एखादी चौकट तिरपी कापून अर्धी भरली की एका भागात साडेबारा होतात आणि 50 जमतं. हे ज्याला सुचेल त्याने फळ्यावर येऊन दाखवावं. हा शोध लागत असताना शिक्षक इतिहासाचा आहे की पीटीचा, याने काही बिघडत नाही.

बिघडतं ते दुसरीकडे. मुलं दहा चौकटींऐवजी दहा रेघा मोजतात आणि नऊच चौकटी मिळतात, म्हणून आखल्यावर शेजाऱ्याकडून मोजून घ्यायचं. नक्षी आरशासारखी उलटवण्याऐवजी जशीच्या तशी सरकवली जाते. पान मधल्या रेघेवर दुमडून उजेडाकडे धरलं की फुल्या एकमेकींवर बसतात की नाही ते दिसतं. आणि रंग भरायला अजिबात सांगायचं नाही. स्केचपेनची देवाणघेवाण सुरू झाली की नक्षी बाजूला राहते आणि टोपण कुणी हरवलं याची सुनावणी सुरू होते.

भाषेसाठी याहून साधं चालतं. पुस्तकातला अजून न शिकवलेला एक परिच्छेद, जोडीने वाचन, त्यावर मुलांनीच चार प्रश्न काढायचे. तीन प्रश्नांचं उत्तर परिच्छेदात सापडलं पाहिजे, चौथ्याचं सापडता कामा नये. वह्या पुढच्या बाकाशी बदलून उत्तरं लिहायची.

असे प्रत्येक तुकडीसाठी प्रत्येक विषयाचे तीन पाठ जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात लिहून एका फाईलमध्ये लावता येतात. फाईलमध्ये सोबत बाकांचा नकाशा, वेळापत्रक, मदतीला येतील अशा दोन मुलांची नावं, आणि कुणाला फिट येते, दमा आहे, फळ्यावरचं दिसत नाही याची नोंद. या शेवटच्या नोंदीसाठी तरी फाईल हवीच. चक्कर आलेलं पोर नाटक करतंय असं अनोळखी शिक्षकाला सहज वाटू शकतं. नोंद असलेली फाईल मात्र मुलांच्या हाती द्यायची नाही. ती पर्यवेक्षकांच्या कपाटात हवी. शिक्षकाच्या स्वतःच्या खणात ठेवली तर ज्या दिवशी लागते त्या दिवशी किल्ली त्यांच्याबरोबर रजेवर असते. घटक चाचणीगणिक वापरलेले पाठ काढून नवे घालायचे, नाहीतर ऑक्टोबरात मुलंच सांगतात, ‘सर, हा चादरीचा झालाय.’

याहूनही जास्त दुर्लक्ष होतं ते दुसऱ्या दिवसाकडे. बदली शिक्षकाने पाच ओळी लिहून ठेवाव्यात: काय झालं, किती जणांचं पूर्ण झालं, कोण अडलं, कुणी मदत केली, कुणाशी काय घडलं. तक्रारीचा पाढा नको. आणि नेहमीच्या शिक्षकाने परत आल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांत त्या वह्या बघाव्यात, निदान पाच वह्यांवर सही करावी. ऑफ तासातलं काम कुणी बघत नाही हे मुलांना एकदा कळलं की पुढच्या खेपेला कितीही चांगला पाठ द्या, कुणी पेन उघडणार नाही. बदली तासाची शिस्त अर्धीअधिक या सहीवर उभी असते आणि ती करायची जबाबदारी गैरहजर असलेल्याची आहे.

दोनशिक्षकी शाळेत चित्र वेगळं. तिथे एक गेला की दुसऱ्याकडे पहिली ते चौथी, चारही वर्ग. सगळ्यांना एका खोलीत बसवून गोष्ट सांगणं हा तिथला नेहमीचा तोडगा, पहिलीला ती गोष्ट समजते आणि चौथी कंटाळते. त्यापेक्षा पहिली-दुसरी आणि तिसरी-चौथी असे दोन गट करून वीस-वीस मिनिटांनी गट बदलावा. आधी मोठ्यांना उत्तरं स्वतः पडताळता येतील असं लेखी काम द्यायचं, उदाहरणार्थ बेरजा करून वजाबाकीने तपासणं, आणि मगच धाकट्यांकडे वळायचं. उलट केलं तर मोठी मुलं रिकामी राहतात. चौथीच्या मुलींना पहिलीवर ‘बाई’ म्हणून बसवू नये. त्यांचाही तो अभ्यासाचाच दिवस असतो.

शिक्षक घडवणाऱ्या अभ्यासक्रमांनाही इथे जाब विचारला पाहिजे. बी.एड. दोन वर्षांचं झालं, 20 आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून करायचा सराव, आली, तरी सराव पाठ म्हणजे आठवडाभर तयारी, तक्ते, आणि मागच्या बाकावर बसून निरीक्षण करणारे प्राध्यापक. वर्गही त्या दिवशी सांगून-सवरून शांत बसवलेला. नोकरीचा पहिला आठवडा मात्र बदली तासांचा असतो. आंतरवासितेत निदान चार तास असे ठेवावेत, की प्रशिक्षणार्थ्याला तुकडी आणि विषय दहा मिनिटं आधी कळेल. मूल्यमापन पाठाचं नको, पहिल्या पाच मिनिटांचं आणि ठेवलेल्या टिपणाचं करावं. सोलापुरात बी.एड. महाविद्यालयांना सराव शाळा हव्या असतात आणि शाळांना माणसं, तेव्हा यासाठी वेगळा पैसाही लागणार नाही.

लांबच्या रजांना मात्र फाईल पुरणार नाही. सहा महिन्यांची प्रसूती रजा तीन पाठांवर काढता येत नाही. तिथे केंद्रागणिक, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटागणिक, एक राखीव शिक्षक हवा, त्या केंद्रातल्या शाळांची मुलं, रस्ते आणि भाषा ओळखणारा. ‘मंजूर पदंच रिकामी आहेत, राखीव कुठून आणता?’ हा आक्षेप वजनदार आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 26 प्रमाणे रिक्त पदं 10 टक्क्यांच्या वर जायला नकोत. ती भरणं आधी हवंच. पण भरलेल्या पदावरचा माणूससुद्धा रजेवर, प्रशिक्षणाला, निवडणुकीला जाणारच. सगळी पदं भरली तरी हा प्रश्न उरतो, म्हणून त्याला ‘आधी भरती, मग बघू’ हे उत्तर नाही. राखीव पदाला निवृत्त शिक्षक घ्यायला हरकत नाही, मात्र नेमणूक जूनमध्ये व्हावी आणि रजा सुरू होण्याआधी आठवडाभर त्याने त्याच वर्गात नेहमीच्या बाईंबरोबर बसावं. नेमणुकीचा आदेश बाई रजेवर गेल्यावर तीन आठवड्यांनी निघाला, तर ते तीन आठवडे शेजारच्या वर्गातल्या सरांच्या नावावर बदली रजिस्टरमध्ये चढतात आणि त्यांची स्वतःची तुकडीही ऑफ जाते.